जुन्या मोटारीतील वाटाड्या : बदलावा की सुधारावा?

एके काळी दारात मोटार उभी असणे ही श्रीमंतीची खूण मानली जात असे. आज परिस्थिती बदलली आहे. शिक्षक, नोकरदार, छोटे व्यावसायिक आणि पर्यटनाची गाडी चालवून संसार करणारे आपले तरुणही काटकसरीने पैसा साठवून, प्रसंगी कर्ज काढून मोटार घेतात. बहुतेक वेळा ही मोटार नवी नसते. आठ-दहा वर्षे वापरलेली, परंतु इंजिनाने धडधाकट अशी गाडी घेण्याकडे मध्यमवर्गाचा कल असतो आणि तो व्यवहार्यही आहे.

अशा गाडीत एक गोष्ट मात्र चटकन जुनाट वाटू लागते. डॅशबोर्डच्या मधोमध बसवलेला पडदा, म्हणजेच रस्ता दाखवणारी व गाणी वाजवणारी यंत्रणा. इंजिन उत्तम चालते, पण नकाशात नवे रस्ते नसतात; फोन जोडला जात नाही; आवाज फाटतो. मग अॅक्सेसरीजच्या दुकानात गेले की विक्रेता एकच उपाय सांगतो, ‘‘साहेब, हे काढून टाका, मोठा अँड्रॉइड सेट बसवा.’’ हा उपाय कधी योग्य असतो, कधी अनावश्यक आणि कधी चक्क धोकादायक. कोणत्या वेळी काय करावे, याचा विचार सर्वसामान्य वाचकाला स्वतः करता यावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

कला शाखेच्या पदवीधराने आणि त्यातून बँकेतील कारकुनाने विजेच्या तारांविषयी लिहावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु ज्या वस्तूवर आपण कष्टाचा पैसा खर्च करतो, ती वस्तू आतून कशी चालते हे जाणून घेण्यास अभियंताच असावे लागते असे नाही. व्यवहार समजून घेतल्याशिवाय सही करू नये, हा नियम बँकेत जितका खरा, तितकाच दुकानातही खरा आहे.

एका पेटीतील पाच कामगार

डॅशबोर्डमधील यंत्रणा बाहेरून एकच पेटी दिसते. वस्तुतः त्या पेटीत पाच वेगवेगळी कामे चालतात. पहिले, उपग्रहांचे संकेत पकडणे. दुसरे, नकाशाची माहिती साठवून ठेवणे. तिसरे, या दोहोंचा मेळ घालून मार्ग शोधणे. चौथे, ते सर्व पडद्यावर दाखवणे. आणि पाचवे, आवाजाची शक्ती वाढवून तो स्पीकरपर्यंत पोचवणे. या पाच कामांचे वय एकाच वेगाने वाढत नाही, ही या लेखातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट होय. नकाशा दोन वर्षांत जुना होतो, पडदा दहा वर्षे टिकतो आणि स्पीकरच्या तारा गाडीच्या अंतापर्यंत साथ देतात. सबब, यंत्रणा ‘जुनी झाली’ असे म्हणण्यापूर्वी यांपैकी नेमके काय जुने झाले, हे विचारले पाहिजे.

ही यंत्रणा आजची नाही. १९८१ साली जपानमध्ये होंडा कंपनीने आपल्या अॅकॉर्ड मोटारीसाठी दिशादर्शक यंत्र आणले. त्यात उपग्रहाचा संबंधच नव्हता. गाडी किती वळली हे एक संवेदक मोजत असे आणि पारदर्शक नकाशाच्या तक्त्यावर ठिपका पुढे सरकत असे. १९८५ मध्ये अमेरिकेत इटॅक कंपनीचे यंत्र आले. त्याचे नकाशे कॅसेटवर साठवलेले असत. उपग्रहाच्या आधारे चालणारी यंत्रणा कारखान्यातूनच बसवलेली पहिली मोटार म्हणजे १९९० ची माझदा कंपनीची युनोस कॉस्मो. अमेरिकेने नागरी वापराच्या संकेतांत मुद्दाम मिसळलेली त्रुटी मे २००० मध्ये काढून टाकली. तोपर्यंत शंभर मीटरपर्यंत चूक संभवत असे. ती एकदम काही मीटरवर आली आणि मोटारीतील वाटाड्या खऱ्या अर्थाने उपयोगी झाला.

उपग्रह रस्ता सांगत नाही

आपल्याकडे एक मोठा गैरसमज आढळतो. लोकांना वाटते की उपग्रह आपल्याला रस्ता दाखवतो. तसे नाही. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फक्त दोनच गोष्टी सांगतात : ‘मी कोठे आहे’ आणि ‘आता किती वाजले’. हा संकेत गाडीपर्यंत येण्यास जो वेळ लागतो, त्यावरून अंतर निघते. अशी किमान चार उपग्रहांची अंतरे मिळाली की आपले स्थान ठरते. प्रकाशाच्या वेगाने जाणारा संकेत सेकंदाच्या दहालाखाव्या भागात तीनशे मीटर जातो. म्हणजे घड्याळात तेवढी चूक झाली तरी तीनशे मीटरची फसगत होईल. हे सारे गणित घड्याळाचे आहे.

रस्ता कोठे आहे, तो एकेरी आहे की दुहेरी, पूल झाला की नाही, ही माहिती उपग्रहाकडे मुळीच नसते. ती पेटीतील नकाशात असते. म्हणून नकाशा जुना असेल तर स्थान अचूक दिसूनही मार्ग चुकतो. शिवडी ते न्हावा-शेवा हा सुमारे २१.८ किलोमीटर लांबीचा अटल सेतू १२ जानेवारी २०२४ रोजी खुला झाला. त्यापूर्वीचा नकाशा असलेली गाडी या पुलावरून नेली, तर पडद्यावर ती सरळ समुद्रातून चाललेली दिसते! उपग्रहाची चूक नाही; नकाशाला पूल माहीत नाही. समृद्धी महामार्गाचेही तसेच. नागपूर ते शिर्डी हा भाग ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला आणि इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी. २०१५ च्या नकाशात यातील काहीच सापडणार नाही. तद्वतच २०१० मध्ये राष्ट्रीय महामार्गांचे क्रमांक बदलले आणि मुंबई-बंगळूरु हा जुना चार क्रमांकाचा महामार्ग अठ्ठेचाळीस क्रमांकाचा झाला. छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव ही नावे जुन्या पेटीत शोधून सापडत नाहीत. तेथे आधीचीच नावे टाकावी लागतात.

दुसरा गैरसमज याच्या उलट आहे. ‘मोबाईलला रेंज नाही म्हणून जीपीएस बंद पडले’, असे आपण घाटात अनेकदा ऐकतो. उपग्रहाचे संकेत आणि मोबाईलचे जाळे यांचा काहीही संबंध नाही. रेंज गेल्यावर स्थान कळतच असते. फक्त फोनला नवा नकाशा उतरवून घेता येत नाही. घरून निघतानाच त्या भागाचा नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवला, तर घाटातही अडचण येत नाही. गाडीतील जुन्या पेटीचा नकाशा आतच असल्याने तिला रेंजची गरज कधीच नव्हती.

जुन्या पेटीचा आणखी एक गुण विसरता कामा नये. कारखान्यातून बसवलेली यंत्रणा बहुधा चाकांच्या वेगाशी आणि वळण मोजणाऱ्या संवेदकाशी जोडलेली असते. बोगद्यात उपग्रह दिसत नाहीत, तेव्हा ती चाकांच्या फेऱ्या मोजून आपले स्थान पुढे सरकवत राहते. मुंबईच्या सागरी किनारा मार्गावरील सुमारे दोन किलोमीटरचा बोगदा किंवा समृद्धी महामार्गावर इगतपुरीजवळचा सुमारे आठ किलोमीटरचा बोगदा अशा ठिकाणी हा फरक जाणवतो. काचेला चिकटवलेल्या फोनचा अंदाज तेथे लवकर चुकू लागतो.

घड्याळ मागे का जाते?

काही जुन्या गाड्यांत अचानक तारीख वीस वर्षे मागे गेलेली दिसते. मालक घाबरतो आणि दुकानदार ‘बोर्ड गेला’ असे सांगतो. कारण वेगळे असू शकते. जीपीएसच्या मूळ संकेतात आठवड्यांचा क्रमांक फक्त १,०२४ पर्यंतच मोजला जातो. त्यानंतर पुन्हा शून्यापासून आरंभ होतो. व्हाउचर बुकाची पाने संपली की नव्या बुकात पुन्हा एकपासून क्रमांक सुरू होतात, तसेच हे आहे. फक्त कोणते बुक चालू आहे याची नोंद ठेवावी लागते. पहिले ‘बुक’ ६ जानेवारी १९८० रोजी सुरू होऊन ऑगस्ट १९९९ मध्ये संपले, दुसरे ६ एप्रिल २०१९ रोजी संपले आणि तिसरे नोव्हेंबर २०३८ मध्ये संपेल. ज्या पेटीतील प्रणालीत ही नोंद नीट ठेवलेली नाही, तिची तारीख चुकते. जानेवारी २०२२ मध्ये होंडा व अॅक्युरा या नावांच्या अनेक जुन्या मोटारींची घड्याळे अशीच २००२ सालात गेली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पूर्ववत झाली. अशा वेळी पेटी फेकून देण्यापूर्वी उत्पादकाकडे नवी प्रणाली उपलब्ध आहे काय, याची चौकशी करावी. नुसत्या तारखेच्या चुकीने नकाशावरील स्थान बहुधा बिघडत नाही. पोचण्याची वेळ तेवढी चुकते.

आवाजाचा हिशेब

आता ध्वनीकडे वळू. सेटच्या खोक्यावर ‘५० वॅट गुणिले ४’ असे ठळक छापलेले असते. दहावीचा विज्ञानाचा विद्यार्थीही या आकड्याची परीक्षा घेऊ शकेल. इंजिन चालू असताना गाडीत सुमारे १४.४ व्होल्ट दाब असतो. शुद्ध, न फाटणाऱ्या आवाजासाठी त्याचा परिणामी दाब २ च्या वर्गमुळाने भागून सुमारे १०.२ व्होल्ट येतो. त्याचा वर्ग सुमारे १०४. गाडीतील सामान्य स्पीकरचा रोध ४ ओहम. १०४ भागिले ४ म्हणजे २६ वॅट. ही झाली तत्त्वतः कमाल मर्यादा. प्रत्यक्षात दर स्पीकरला १८ ते २२ वॅट मिळाले तरी पुष्कळ. पन्नासचा आकडा क्षणिक आणि फाटलेल्या आवाजाचा असतो. म्हणून खोक्यावर ‘आरएमएस’ या अक्षरांपुढे जो आकडा असेल तोच वाचावा आणि तो छापलेलाच नसेल तर बाकीचे आकडे सोडून द्यावेत.

यावरून एक व्यवहार्य निष्कर्ष निघतो. आवाज खराब येत असेल तर दोष बहुधा पेटीत नसून स्पीकरमध्ये असतो. दहा-बारा पावसाळे दाराच्या आत काढलेल्या स्पीकरचा कागद ओलसर होतो, त्याची कड फाटते. समोरच्या दोन दारांतील स्पीकर बदलले आणि दाराच्या पत्र्याला आतून कंपन थांबवणारी पट्टी लावली, तर पेटी तीच ठेवूनही आवाजात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. ज्या गाडीत कारखान्याचा स्वतंत्र अॅम्प्लिफायर आहे, तेथे मात्र स्पीकरचा रोध ४ ऐवजी २ ओहमही असू शकतो. तो तपासल्याशिवाय बदल करू नये.

चार मार्ग, स्वस्तापासून महागापर्यंत

यंत्रणेचे कोणते काम जुने झाले हे समजले की उपाय निवडणे सोपे जाते. ढोबळमानाने चार मार्ग आहेत.

पहिला मार्ग, पेटीला हात न लावणे. रस्त्यासाठी फोन आणि चांगला, घट्ट धरणारा होल्डर वापरावा. गाण्यांसाठी पेटीला ऑक्सची भोक-जोडणी असेल तर तेथे छोटा ब्लूटूथ ग्राहक लावावा. जुन्या पेट्यांत ब्लूटूथ असूनही गाणी वाजत नाहीत, कारण त्यात फक्त बोलण्याची सोय असते. हा बिघाड नव्हे. ऑक्स नसल्यास सिगारेट लायटरच्या जागी बसणारा एफएम प्रक्षेपक मिळतो. त्याचा आवाज मध्यम प्रतीचा असतो आणि शहरात मोकळी वारंवारता शोधावी लागते. पण तार एकही कापावी लागत नाही.

दुसरा मार्ग, नकाशा व प्रणाली अद्ययावत करणे. नकाशा बहुधा एसडी कार्डावर असतो. तो त्याच पेटीच्या क्रमांकाशी बांधलेला असू शकतो. म्हणून मित्राच्या कार्डाची नक्कल करून काम होत नाही आणि मूळ कार्ड संगणकात घालून पुसले तर तेही जाते. उत्पादकाने त्या मॉडेलचे नकाशे काढणे थांबवले असेल, तर हा मार्ग बंद झाला असे समजावे. नव्या कार्डाची किंमत ऐकूनही कधी कधी पहिलाच मार्ग बरा वाटतो.

तिसरा मार्ग, जुना पडदा ठेवून त्यामागे जोडपेटी बसवणे. काही मोटारींसाठी अशा जोडपेट्या मिळतात. त्यांच्यामुळे फोनवरील अॅपल कारप्ले किंवा अँड्रॉइड ऑटो मूळ पडद्यावर दिसू लागतात. या दोन्ही सोयी २०१४ मध्ये जाहीर झाल्या; त्यापूर्वीच्या गाड्यांत त्या नसणे साहजिक आहे. यांचे तत्त्व साधे आहे. नकाशा, मार्गशोध व गाणी हे काम फोन करतो आणि गाडी फक्त पडदा व स्पीकर पुरवते. फोन बदलला की यंत्रणाही आपोआप नवी होते. ज्या गाडीत वातानुकूलन, मागचा कॅमेरा किंवा गाडीची इतर मांडणी मूळ पडद्यावरच दिसते, तिच्यासाठी हा मार्ग उत्तम.

चौथा मार्ग, पूर्ण पेटी बदलणे. येथे आधी मोजपट्टी हाती घ्यावी. रेडिओची जागा जर्मन मानकावरून ठरलेली आहे. एकेरी डिन म्हणजे सुमारे १८० गुणिले ५० मिलिमीटर आणि दुहेरी डिन म्हणजे १८० गुणिले १०० मिलिमीटर. काही जपानी गाड्यांत ही जागा २०० मिलिमीटर रुंद असते. नऊ-दहा इंची पडदे त्या-त्या गाडीच्या फ्रेमसह मिळतात. ती फ्रेम नेमकी आपल्याच मॉडेलची असावी. अन्यथा फटी राहतात आणि खडबडीत रस्त्यावर पेटी खडखडते. जपानमधून आलेले वापरलेले सेट स्वस्त मिळतात, पण तेथील एफएमचा पट्टा ७६ मेगाहर्ट्झपासून सुरू होऊन ९० किंवा ९५ ला संपतो. आपल्याकडील बरीच केंद्रे त्यापलीकडे असल्याने ती लागतच नाहीत.

अँड्रॉइड सेट घेताना पडद्यावर दाखवलेल्या आवृत्तीच्या आकड्यावर विसंबू नये. तो आकडा बदलून दाखवता येतो. स्मृती किती आहे, सुरू होण्यास किती वेळ लागतो, उन्हात तापल्यावर पडदा अडखळतो काय, हे दुकानातील चालू सेटवर पाहून घ्यावे. आणि बँकेचा माणूस म्हणून आग्रहाने सांगतो, अशा सेटमध्ये बँकेचे अॅप कधीही टाकू नये व आपले मुख्य ईमेल खाते उघडून ठेवू नये. गाडी विकताना किंवा जुनी पेटी देताना तिच्यातील फोनवह्या, घराचा पत्ता व जोडलेले फोन पुसून टाकावेत. पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक हीसुद्धा आपली मालमत्ताच आहे.

तारांची शिस्त

यंत्रणा महाग की स्वस्त, यापेक्षा ती कशी जोडली याला अधिक महत्त्व आहे. पैसा वाया गेला तर तो पुन्हा मिळवता येतो. तापलेली तार मात्र डॅशबोर्डच्या आत, दिसणार नाही अशा ठिकाणी पेट घेऊ शकते. म्हणून पुढील गोष्टी कारागिराशी आधीच बोलून घ्याव्यात.

१) मूळ कपलर कापू देऊ नये. बहुतेक गाड्यांसाठी एका बाजूला गाडीचा आणि दुसऱ्या बाजूला नव्या सेटचा कपलर असलेली तयार वायरिंग मिळते. थोड्या जास्त पैशांत जोड पक्का बसतो आणि पुढे मूळ पेटी परत लावता येते. तारा सोलून, पिळून, वर चिकटपट्टी गुंडाळणे हा जोड नव्हे.

२) तारांचे रंग ओळखावेत. बाजारातील बहुतेक सेटमध्ये पिवळी तार बॅटरीतून सतत वीज घेते, लाल तार किल्ली फिरवल्यावर आणि काळी तार अर्थिंगसाठी असते. पांढरी, राखाडी, हिरवी व जांभळी या जोड्या स्पीकरच्या. गाडीच्या मूळ तारांचे रंग मात्र निराळे असतात, म्हणून मीटरने तपासूनच जोडणी करावी.

३) पिवळी आणि लाल तार एकत्र जोडू देऊ नये. काही ठिकाणी सोयीसाठी तसे करतात. मग किल्ली काढल्यावरही सेट पूर्ण झोपत नाही. समजा तो ०.२ अँपिअर वीज घेत राहिला. ३५ अँपिअर-तासांची बॅटरी १७५ तासांत, म्हणजे सुमारे सात दिवसांत पूर्ण रिकामी होईल. गाडी सुरू होणे तर तीन-चार दिवसांतच अवघड होईल. हीच गळती ०.०२ अँपिअर असेल, तर बॅटरी दोन महिन्यांहून अधिक टिकते. थेंबाथेंबाने चढणाऱ्या व्याजासारखाच हा हिशेब आहे.

४) फ्यूज वाढवू देऊ नये. १० अँपिअरचा फ्यूज वारंवार उडतो म्हणून २० चा लावणे म्हणजे ताप मोजण्याचे यंत्र फोडून ताप उतरला असे मानणे होय. तारेतील उष्णता विजेच्या प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता चौपट. फ्यूज उडतो तो तारेला वाचवण्यासाठी.

५) सुकाणूवरील बटणे आणि गाडीतील संदेशवाहिनी यांची चौकशी करावी. बॉश कंपनीने १९८६ मध्ये मांडलेली ‘कॅन’ नावाची पद्धत आजच्या बहुतेक मोटारींत आहे. दोन तारांवरून सारे भाग एकमेकांशी बोलतात. तेथे योग्य डिकोडर लावावा लागतो. अंदाजाने तार जोडली तर डॅशबोर्डवर भलतेच दिवे लागतात.

६) अँटेना योग्य जागी असावी. जीपीएसची चौकोनी अँटेना पत्र्याखाली दडपू नये. पुढच्या काचेजवळ, आकाश ‘दिसेल’ अशी ठेवावी. काही गाड्यांच्या रेडिओ अँटेनाला स्वतंत्र वीज लागते. ती निळी तार जोडायची राहिली की नवा सेट असूनही रेडिओ खरखरतो.

७) बॅटरी काढण्यापूर्वी जुन्या पेटीचा सुरक्षा-संकेतांक मालकाच्या पुस्तिकेतून काढून ठेवावा. बऱ्याच जुन्या पेट्या वीज तुटल्यावर हा संकेतांक विचारतात.

गाडी अद्याप हमीच्या मुदतीत असेल तर अधिकृत सेवाकेंद्राला लेखी विचारावे. विमा कंपनीलाही कळवून, आवश्यक तर वेगळा हप्ता भरून, ही उपकरणे विम्यात घ्यावीत. पावती जपून ठेवावी. जोडणीतील दोषावरून दावा अडला, तर कागदाशिवाय आपली बाजू मांडता येत नाही.

पैशाचे गणित

खासगी मोटारीची नोंदणी प्रथम १५ वर्षांसाठी असते आणि पुढे तपासणीनंतर ५ वर्षांसाठी वाढवून मिळते. सबब, खर्च करण्यापूर्वी गाडी आपल्याकडे आणखी किती वर्षे राहणार, हे ठरवावे. समजा १८,००० रुपयांचा सेट घेतला आणि गाडी सहा वर्षे ठेवली, तर वर्षाला ३,००० रुपये पडले. तीच गाडी दोन वर्षांत विकायची असेल, तर वर्षाला ९,००० रुपये पडतात. गिऱ्हाईक त्या सेटची किंमत वेगळी देईलच असे नाही. अशा वेळी पहिला मार्ग शहाणपणाचा. सेटसाठी हप्त्याने कर्ज घेणे तर टाळावेच. जी वस्तू पाच वर्षांत जुनी होते, तिच्यावर व्याज भरण्यात अर्थ नाही.

एका खर्चाला मात्र मी उधळपट्टी म्हणणार नाही. भारतात नव्या मोटारींना मागील अडथळ्याची सूचना देणारे संवेदक १ जुलै २०१९ पासून सक्तीचे झाले. त्यापूर्वीच्या अनेक गाड्यांत ते नाहीत. पेटी बदलणारच असाल तर मागचा कॅमेरा अवश्य बसवावा. चाळीच्या अंगणात, वसाहतीच्या गल्लीत लहान मुले खेळत असतात. चालकाला आरशात न दिसणारे मूल कॅमेऱ्यात दिसते. साऱ्या यंत्रणेत ही एक सोय पैशात मोजता येत नाही. अर्थात कॅमेरा असला तरी मागे वळून पाहण्याची सवय सोडू नये.

डोळे रस्त्यावर

ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे जाते. पडद्यावर दोन सेकंद नजर टाकली तर ३३ मीटर अंतर आपण आंधळेपणाने कापलेले असते. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या दुरुस्तीने वाहन चालवताना हातातील संपर्कसाधन केवळ मार्ग पाहण्यासाठी, तेही लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीनेच वापरण्यास मुभा दिली आहे. मुक्कामाचे ठिकाण गाडी सुरू करण्यापूर्वीच टाकावे. नंतर कानाने सूचना ऐकाव्यात. चालत्या गाडीत चालकाला दिसेल असा चित्रपट लावू नये. काही दुकानदार ही अडवणूक ‘उघडून’ देतात, त्यांना स्पष्ट नकार द्यावा. आणि आवाज इतकाच असावा की मागून येणाऱ्या रुग्णवाहिकेचा भोंगा ऐकू येईल.

विद्यार्थी मित्रांसाठी

या विषयात आमच्या विद्यार्थ्यांसाठी एक वाट दडलेली आहे, तिचा उल्लेख करणे अगत्याचे वाटते. ओहमचा नियम, विजेची उष्णता, तरंगांचा वेग हे धडे केवळ गुणांसाठी पाठ करायचे नसतात, हे वरील उदाहरणांवरून दिसेल. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत मोटारीच्या वीज व इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्तीचा अभ्यासक्रम आहे. रस्त्यावर लाखो जुन्या गाड्या आहेत आणि तारा न कापता, मीटरने तपासून, पावती देऊन काम करणारा कारागीर सहज सापडत नाही. असा कारागीर होणे ही प्रतिष्ठेची गोष्ट आहे. त्याच्या कामावर एका कुटुंबाची सुरक्षितता अवलंबून असते.

शेवटी एवढेच सांगावेसे वाटते की, जुने ते सारे टाकाऊ नसते आणि नवे ते सारे आवश्यकही नसते. नकाशा जुना झाला तर नकाशा बदलावा, स्पीकर फाटला तर स्पीकर बदलावा. पेटी खरोखर निकामी झाली तरच पेटी बदलावी. बदललेली मूळ पेटी घरात जपून ठेवावी, गाडी विकताना ती उपयोगी पडते. निकामी झालेली पेटी भंगारात न टाकता ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्रात द्यावी. दुकानाची पायरी चढण्यापूर्वी सभासद बंधू-भगिनींनी ‘माझ्या गाडीतील पाच कामांपैकी नेमके कोणते काम अडले आहे?’ हा एकच प्रश्न कागदावर लिहून सोबत न्यावा. उत्तर विक्रेत्याकडून न घेता स्वतः शोधले, तर पैसाही वाचेल आणि प्रवासही सुखरूप होईल.